फेडररला जिंकवणारं स्टूल

मित्रांनो, टेनिस हा खेळ दिसतो कसा, हे मला विचारू नका. मी तो कधी पाहिलेला नाही. मी एक लाकडी स्टूल आहे, आता बरंच जुनं झालेलं, आणि घरात गाजलेले सगळे सामने मी दाराबाहेर राहून ऐकले आहेत. माझ्यावर बसून एका मुलीनेही ते तसेच ऐकले. ती आत्ताही माझ्यावर बसलेली आहे. तिचं नाव नीरजा. गोष्ट माझी म्हणून सांगतोय खरी, पण स्टुलाला स्वतःची अशी काय गोष्ट असणार? जो बसतो त्याचीच ती असते.

माझा जन्म खडकीचा. तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात माल ज्या पेट्यांतून यायचा-जायचा, त्यातल्या मोडक्या पेट्यांचं लाकूड लिलावात निघायचं. क्वार्टर्समधल्या निम्म्या घरांतलं फर्निचर त्याच लाकडाचं. महिपती नावाच्या सुताराने मला घडवलं. माझ्या बैठकीच्या खालच्या अंगाला पेटीवरचे काळे आकडे अर्धवट राहिले होते. महिपती ते रंध्याने काढणार होते, पण ज्यांनी मला करवून घेतलं ते अनंतराव म्हणाले, राहू द्या, खालून कोण बघायला येतंय. माझा एक पाय नखभर आखूड निघाला. त्याखाली पुठ्ठ्याची घडी सारायची पद्धत पहिल्याच दिवशी पडली. महिपतींना त्याची लाज वाटली असावी, कारण पुढे कधी घरी आले तर ते माझ्याकडे बघायचे नाहीत.

अनंतराव कारखान्याच्या स्टोअर्समध्ये नोकरीला होते. त्यांची बायको द्वारकाबाई. त्यांचं माहेर बुधवार पेठेतलं, रेडिओच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावरचं, त्यामुळे त्यांच्या बोलण्याला पेठेची धार होती. सुरुवातीची वर्षं मी द्वारकाबाईंच्या हाताखाली काढली. माळ्यावरचे डबे काढायचे, पंखा पुसायचा, दिवाळीत कंदील टांगायचा, सगळं माझ्यावर चढून. एकदा त्या माझ्यावरून पडताना वाचल्या आणि खाली उतरून त्यांनी आधी पुठ्ठा सारखा केला, मग स्वतःचा पाय चोळला. चांगले दिवस होते ते. कामाला लागणाऱ्या वस्तूला आणखी काय हवं असतं?

त्या घरात एकच चैन होती, आणि ती म्हणजे टेनिस. बाकी अख्खी क्वार्टर्स क्रिकेटवर जगायची. अनंतरावांच्या घरी मात्र मोठ्या स्पर्धांचे सामने लागायचे, आणि बघायला शेजारचे ज्ञानदेवकाका यायचे. काका मूळचे वाशीमकडचे, कारखान्यात मशिनवर कामाला. तिघांचे तीन देव होते.

द्वारकाबाईंची स्टेफी ग्राफ. ती खेळायची थांबली त्याला वर्षं लोटली होती, तरी यांची निष्ठा ढळली नाही. कारण विचारलं तर म्हणायच्या, कामाची बाई होती. पॉइंट झाला की पुढच्या पॉइंटला उभी. आरडाओरडा नाही, नखरा नाही, बाटल्या मांडत बसणं तर नाहीच. हा शेवटचा टोला ज्ञानदेवकाकांना असायचा, कारण त्यांचा माणूस नादाल, आणि तो दर खेपेला पाण्याच्या बाटल्या एका रेषेत मांडायचा. काका हसून सोडून द्यायचे. त्यांचं म्हणणं, जो चेंडू मिळणार नाही हे साऱ्या जगाला दिसतंय, त्याच्याही मागे हा जीव तोडून पळतो. एवढं राबणारा माणूस आपला नाही तर कुणाचा?

अनंतरावांचा फेडरर. ते फारसे बोलणारे गृहस्थ नव्हते. घरात आले की चहा, पेपर, जेवण, झोप. मुलीचा अभ्यास कुठवर आला हेसुद्धा ते बायकोला विचारायचे. पण एकदा काकांनी फारच डिवचलं, की तुमच्या त्या माणसाला घामसुद्धा येत नाही, त्याचं काय कौतुक, तेव्हा ते बोलले. मी व्हरांड्यात होतो, शब्दन्‌शब्द ऐकला.

"त्याचंच कौतुक आहे. माझं आयुष्यात एक काम घाम गाळल्याशिवाय झालेलं नाही, ज्ञानदेव. रेशनकार्डावरचं नाव दुरुस्त करायचं तरी चपला झिजल्या. ह्या माणसाला बघितलं की वाटतं, कुठेतरी कुणालातरी जमतंय. तेवढ्यावर माझा आठवडा निघतो."

नीरजा तेव्हा लहान होती, दुसरी-तिसरीत. तिला टेनिसमधलं काही कळत नव्हतं. पण सामना सुरू झाला की आपले बाबा बोलायला लागतात, हे तिला नेमकं कळलं होतं. म्हणून तीही चटईवर येऊन बसायची. तिचा फेडरर तो बाबांचा म्हणून तिचा होता. मित्रांनो, माणसं आपला खेळाडू कशी निवडतात याची मोठी मोठी कारणं मी ऐकली आहेत, पण याहून खरं कारण मला अजून भेटलेलं नाही.

मग तो फेब्रुवारीचा रविवार आला. साल दोन हजार नऊ. ऑस्ट्रेलियातला शेवटचा सामना, फेडरर आणि नादाल, आपल्याकडे भर दुपारी. पहिला सेट नीरजा चटईवर होती, फेडरर हरला. कंटाळून ती खाली मैत्रिणीकडे, अपूर्वाकडे, खेळायला गेली आणि दुसरा सेट फेडररने घेतला. ती पाणी प्यायला परत आली, तिसरा गेला. मग तिला गोळ्या आणायला दुकानात पिटाळलं, चौथा आला. पाचव्याला ती हातात गोळ्यांची पुडी घेऊन बाबांच्या मांडीला टेकून बसली, आणि फेडरर हरला. हरला तो हरला, वर बक्षीस घेताना लहान मुलासारखा रडला. अनंतरावांनी टीव्ही बंद केला. मग त्यांनी बोटावर सेट मोजले आणि नीरजाकडे पाहिलं.

"अगं, ही आत असली की तो हरतोय," ते म्हणाले.

काका हसले. द्वारकाबाई म्हणाल्या, हो ना, पोरगी खडकीतून चेंडू अडवते. अनंतरावही हसले. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी देवाशपथ सांगतो. पण नीरजा हसली नाही. तिने पुडीतली गोळी तोंडात टाकली होती ती तशीच गालात धरून ठेवली.

त्या जूनमध्ये पॅरिसचा शेवटचा सामना होता. फेडररला तिथे तोवर कधी जमलं नव्हतं. अनंतरावांनी गंमत म्हणून मला उचललं, व्हरांड्यात दाराच्या कडेला, जिथून टीव्ही दिसणार नाही अशा जागी ठेवलं, माझ्यावर टॉवेलची घडी घातली आणि म्हणाले, "नीरू, आजच्या दिवस इथे बस. बघूया." ती बसली. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. तासा-दोन तासांत आतून अनंतरावांची आरोळी आली. ते धावत बाहेर आले. मी त्या माणसाला धावताना प्रथमच पाहिलं. त्यांनी नीरजाच्या डोक्यावर हात ठेवला.

"जिंकला गं. तू जिंकवलंस."

मित्रांनो, त्या मुलीचा चेहरा मी कसा सांगू? आजवर बाबांनी तिच्या डोक्यावर असा हात ठेवला नव्हता. पुढच्याच महिन्यात विम्बल्डन. शेवटचा सेट संपता संपेना, इतका लांबला. नीरजा माझ्यावर मांड्या घट्ट आवळून बसून होती. लघवीला लागली तरी उठली नाही. फेडरर जिंकला, आणि बाबा पुन्हा बाहेर आले, पुन्हा तोच हात, पुन्हा तेच शब्द. त्या दिवसापासून माझंही नशीब फळफळलं. द्वारकाबाईंनी जुन्या साडीची गादी शिवून माझ्यावर घातली. माळ्यावरचे डबे काढायला दुसरं स्टूल आणलं. पाहुण्यांना माझी ओळख करून दिली जायची, हे आमचं फेडररला जिंकवणारं स्टूल. मला अभिमान वाटायचा. वस्तू मूर्ख असतात, कौतुक झालं की खुलतात.

वर्षं गेली. नीरजाचे पाय जमिनीला टेकले, मग दुमडून घ्यावे लागू लागले. माझ्यावर बसून तिने कित्येक परीक्षांचा अभ्यास केला. एक डोळा पुस्तकात, कान आत. तिला न बघता सगळं कळायचं. बाबांनी श्वास घेतला तो धरला, म्हणजे महत्त्वाचा पॉइंट आहे. नाकातून सोडला, म्हणजे गेला. चप्पल फरशीवर घासली, म्हणजे नादाल पुढे आहे. जगात कोट्यवधी लोकांना फेडररचा बॅकहँड आवडतो, तो डोळ्यांनी बघून. हिने तो बापाच्या श्वासावरून ओळखला आणि त्यावर जीव लावला. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला की ती तो बराच वेळ बघत राहायची, कधी न भेटलेल्या नातेवाइकाचा बघावा तसा.

फेडरर हरायचाही. नीरजा बाहेर असूनही हरायचा. तेव्हा अनंतराव गमतीने विचारायचे, डोकावली होतीस का गं? ती नाही म्हणायची. एकदा विम्बल्डनचा शेवटचा सामना पाच सेटमध्ये गेला आणि तो हरला, तेव्हा तिने स्वतःहून कबूल केलं, की समोरच्या खिडकीच्या काचेत टीव्हीचा उजेड हलताना तिने पाहिला होता. नुसता उजेड. अनंतराव म्हणाले, "बघ, तरी म्हटलं." म्हणाले आणि पेपर वाचायला लागले. ती तेव्हा चौदा वर्षांची होती. मला वाटतं, गंमत त्या दिवशी संपली. घरात कुणालाच ते कळलं नाही, कारण हसणं पूर्वीसारखंच चालू होतं.

मग ते दुसरीकडेही दिसू लागलं. बारावीचा निकाल तिने स्वतः पाहिला नाही, आईला बघायला लावला आणि आपण व्हरांड्यात माझ्यावर बसली. अपूर्वाच्या लग्नात अक्षता पडताना ती मांडवाच्या बाहेर थांबली, असं द्वारकाबाई घरी येऊन कुरकुरत सांगत होत्या. पोरगी लाजाळू आहे, यावर तो विषय मिटला.

अनंतराव निवृत्त झाले, क्वार्टर सोडावी लागली, आणि आम्ही हडपसरला फ्लॅटमध्ये आलो. व्हरांडा गेला. मला हॉल आणि बेडरूम यांच्यामधल्या चिंचोळ्या पॅसेजमध्ये जागा मिळाली. एका बाजूला टीव्हीची भिंत, दुसऱ्या बाजूला झोपायच्या खोलीचं दार. पुढच्या वर्षी जुलैत विम्बल्डनचा शेवटचा सामना आला. फेडरर आणि जोकोविच. फेडररचं वय झालेलं, हा शेवटचाच मौका हे सगळ्यांना माहीत. त्याच रविवारी क्रिकेटच्या वर्ल्ड कपचाही शेवटचा सामना होता, त्यामुळे सोसायटीतल्या इतर घरांतून वेगळ्या आरोळ्या येत होत्या. आमच्या घरात जेवणं खोळंबली होती. ज्ञानदेवकाका खडकीहून बस बदलून आले होते. नीरजा माझ्यावर, पाठ भिंतीला, डोळे मिटलेले.

पाचव्या सेटमध्ये अशी वेळ आली, की दोन पॉइंट हातात आणि त्यातला एक घेतला की झालं. अनंतरावांचा आवाज बदलला. इतकी वर्षं पोरीला आपण हा आनंद बघू दिला नाही, असं काहीतरी त्या क्षणी त्यांच्या मनात आलं असावं. त्यांनी हाक मारली.

"नीरू, ये. ये आत, आता काही होत नाही. हे तू बघायलाच पाहिजेस."

ती उठली नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली. मग ती उठली. माझ्यावरचं तिचं वजन गेलं आणि मी तेव्हाच मनात म्हटलं, बाई गं, जाऊ नकोस. ती आत गेली. पहिला पॉइंट गेला. दुसराही गेला. मग सामना गेला.

काकांचा माणूस त्या दिवशी खेळतही नव्हता, पण तेही चुकचुकले. अनंतरावांनी टीव्ही बंद केला आणि ते पॅसेजमधून, माझ्या शेजारून, झोपायला गेले. नीरजा तिथेच उभी होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. रागावले नव्हते, मी सांगतो. त्यांना रडू येत होतं आणि ते मुलीला दिसू नये एवढंच होतं. पण हे तिला कोण सांगणार? जिंकल्यावर 'तू जिंकवलंस' म्हणणारा माणूस हरल्यावर गप्प राहिला, तर त्या गप्प राहण्याचा अर्थ लावायला फार हुशारी लागत नाही.

त्यानंतर तिने टेनिसचं नाव काढलं नाही. तिला मगरपट्ट्यात कंपनीत नोकरी लागली. त्या सामन्यानंतर तीन वर्षांनी फेडररने निवृत्ती घेतली. शेवटच्या रात्री तो नादालच्या जोडीने खेळला आणि दोघे शेजारी बसून रडले, असा फोटो पेपरात आला. ज्ञानदेवकाकांचा फोन आला होता. दोन म्हातारे फोनवर नुसते नाक ओढत राहिले. नीरजाने त्या दिवशी पेपर उघडला नाही. मला मात्र बरं वाटलं होतं. म्हटलं, संपलं एकदाचं, आता पोरगी सुटली. आणि खरोखरच मी विस्मरणात गेलो. साडीची गादी फाटली, कुणी शिवली नाही. माझ्यावर इस्त्रीचे कपडे, मग रद्दी, मग जुना राउटर. त्या दुर्लक्षाचं मला सुख होतं.

गेल्या वर्षी अनंतरावांची फुप्फुसं आखडत चालली आहेत असं निघालं. औषध असं नव्हतं. हॉस्पिटलने घरी पाठवलं. बेडरूममध्ये प्राणवायू देणारं यंत्र आलं, त्याची घरघर दिवसरात्र. बोटाला एक चिमटा, त्यावर आकडा. नीरजाने घरून काम करायची परवानगी घेतली. यंत्राची नळी बदलणं, डॉक्टरांशी बोलणं, औषधं, सगळं तिने अंगावर घेतलं. पहिल्याच आठवड्यात ती त्यांच्या उशाशी बसली असताना ते तिच्याशी बोलायला म्हणून कोपरावर उठले, त्यांना धाप लागली आणि आकडा भरभर खाली आला. द्वारकाबाईंनी त्यांना निजवलं, आकडा वर आला. तोवर नीरजा खोलीबाहेर होती.

तिने माझ्यावरची रद्दी उतरवली. राउटर भिंतीला टेकवला. पुठ्ठ्याची घडी पायाखाली सारली आणि ती माझ्यावर बसली. तिचं वजन मी इतक्या वर्षांनीही ओळखलं. मित्रांनो, मला त्या क्षणी मोडून पडावंसं वाटलं, पण लाकडाला तेवढंही जमत नाही.

मग ती आत गेलीच नाही. लॅपटॉप मांडीवर घेऊन पॅसेजमध्ये बसायची, औषधाची वेळ झाली की आईच्या हातात द्यायची. द्वारकाबाईंनी आधी टोमणे मारून पाहिले. बाप काय विम्बल्डन खेळतोय का, म्हणाल्या. मग रागावल्या. मग रडल्या. काका आले, खोलीत जायच्या आधी माझ्यासमोर फरशीवर बसले आणि तिला समजावू लागले.

"पोरी, माह्या नादालनं तुह्या बापाचा माणूस कितीक खेपा हारवला. तवा तू बाहेरच बसली होती ना? मंग?"

"मी मनातून आत असायचे, काका," नीरजा म्हणाली.

काका गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि खोलीत गेले.

अनंतरावांना सगळं कळत होतं. दार उघडंच असायचं, पण त्यांच्या पलंगावरून मी दिसत नव्हतो, ना तिला ते दिसत होते. त्यांनी थोडक्या श्वासात बोलून पाहिलं, की फेडरर म्हातारा झाला होता गं, म्हणून हरला. ती इथून 'हो बाबा' म्हणाली. बाबा आपली नुसती समजूत घालताहेत, असं तिच्या आवाजात होतं. मग त्यांनी एक उपाय शोधला. त्यांच्यासारख्या माणसालाच सुचेल असा. एका सकाळी त्यांनी द्वारकाबाईंकडून मोबाइलवर दोन हजार नऊचं विम्बल्डन लावून घेतलं. तेच, ज्यात नीरजा लघवी धरून बसली होती. शेवटच्या सेटचा शेवट यायची वाट पाहिली. मोबाइल छातीवर ठेवून ते तुटक तुटक बोलले, आणि इथवर ऐकू यावं म्हणून जोर लावून बोलले.

"नीरू. ही मॅच होऊन गेलीय. हा जिंकलेला आहे. तू आलीस तरी... हा जिंकणारच. ये. ये, बघ."

किती साधं होतं ते. निकाल लागलेला सामना. जगातल्या कुठल्याही पनवतीला त्याचं काही बिघडवता येणार नाही. नीरजाने लॅपटॉप बाजूला ठेवला. ती माझ्यावरून उठली. भिंतीला हात लावून दारापर्यंत गेली. उंबऱ्यावर उभी राहिली. मला तिची पाठ दिसत होती. तिने एक पाय आत टाकला.

आणि यंत्र किंचाळलं. घरघर थांबली, पंखा थांबला, लाल दिवा लागला.

"काही नाही, गुरुवार आहे, लाईट गेली," द्वारकाबाई म्हणाल्या आणि सिलिंडरकडे धावल्या. त्यांनी सवयीने नळी बदलली. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते हे पुण्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. नीरजालाही ठाऊक होतं. सिलिंडर तिनेच तर त्यासाठी आणून ठेवला होता. पण तिचा पाय मागे आला होता. मोबाइल चालूच होता. टाळ्यांचा कडकडाट झाला, फेडरर जिंकला. अनंतराव आतून म्हणत होते, "जिंकला. बघ, जिंकला." ती माझ्यावर येऊन बसली आणि तिने दोन्ही हातांनी कान झाकले.

त्यांनी पुन्हा बोलावलं नाही. बोलायला श्वास उरला नव्हता. चार-पाच दिवसांनी, भर सकाळी, कुकरची शिट्टी झाली तेव्हा ते गेले. नीरजाला आधी कळलं. ते श्वास ती लहानपणापासून ऐकत आली होती. श्वास घेतला, धरला, आणि मग नाकातून सोडल्याचा आवाज आलाच नाही. ती वाट पाहत राहिली. आई ओट्यापाशी होती. हिने हाकही मारली नाही. तिला वाटलं असेल, महत्त्वाचा पॉइंट असेल.

दिवस झाले. पाहुणे आले नि गेले. हॉलमध्ये अनंतरावांचा फोटो लागला, त्याला हार घातला, समोर समई. नीरजाने हार आणला, तेल आणलं, सगळं केलं, पण फोटोसमोर उभी राहिली नाही. काल संध्याकाळी द्वारकाबाई पॅसेजच्या तोंडाशी आल्या. महिन्याभरात त्या एवढ्याशा झाल्या आहेत. हॉलच्या दाराला टेकून त्या म्हणाल्या, "आता हरायला कोण राहिलंय गं? ये आत."

नीरजाने वर पाहिलं.

"तू आहेस ना अजून," ती म्हणाली.

द्वारकाबाईंनी आत जाऊन समईत तेल घातलं.

मित्रांनो, माझं आता फार दिवस राहिलेलं नाही. पाय सुटत आलेत, उद्या कुणी भंगारात घालील. घातलं तर उपकार होतील. पण मी गेलो म्हणून ही आत जाईल असं मला वाटत नाही. फरशीवर बसेल. तुम्हाला तुमचा खेळाडू आवडतो, जरूर आवडू द्या, तो हरला तर दोन दिवस जेवू नका. पण त्याच्या हरण्याचं ओझं घरातल्या कुणाच्या डोक्यावर ठेवू नका, हसत हसतसुद्धा नको. आणि आधीच कुणी असं दाराबाहेर बसलेलं असेल, तर त्याला आतून हाका मारत राहू नका. हिला सगळ्यांनी हाका मारल्या. बाबांनी मारल्या, आईने मारल्या, काकांनी समजावलं. ये म्हणाले सगळे. बाहेर येऊन, हाताला धरून, ओढून आत कुणी नेलं नाही. ज्यांनी न्यायला हवं होतं त्यांच्या अंगात उठायचं बळ नव्हतं, आणि मला हात नाहीत.

तुम्हाला आहेत.